यूएसबी ते पॅरलल केबल: जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी

दुकानात तीन प्रतींची बिले कार्बनवर काढावी लागत असल्यामुळे एप्सनचा नऊ पिनांचा एलएक्स-३०० प्रिंटर मी जपून ठेवला आहे. मात्र नव्या संगणकाला जुने प्रिंटर जोडायचे पॅरलल पोर्टच नसल्याने ही केबल घ्यावी लागली. तिच्या एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला ३६ पिनांचा सेंट्रॉनिक्स कनेक्टर आहे.

पॅरलल पद्धतीत एका अक्षराचे आठही बिट आठ स्वतंत्र तारांवरून एकाच वेळी जातात. ते स्थिर झाले की संगणकाकडून 'स्ट्रोब' तारेवर क्षणभराचा संकेत जातो, प्रिंटर ते अक्षर उचलतो आणि पुढचे घेण्यास तयार होईपर्यंत 'बिझी' तारेवरून थांबण्यास सांगतो. कागद संपल्याचे कळवण्यासाठी वेगळी तार असते. ही सारी देवाणघेवाण केबलमधील चिप चोख सांभाळते: बिलांच्या मोठ्या गठ्ठ्यातही एकही अक्षर गळाले नाही आणि मध्येच कागद संपला तेव्हा थांबलेली छपाई तिथूनच नीट पुढे सुरू झाली.

अडचण वेगळीच आली. विंडोज या केबलला एलपीटी१ (संगणकाच्या पहिल्या पॅरलल पोर्टचे नाव) न मानता यूएसबी००१ असे आभासी पोर्ट देते, त्यामुळे थेट एलपीटी१ वर लिहिणाऱ्या माझ्या डॉसमधील (विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीतील) बिलिंग प्रोग्रॅमची छपाई बंद पडली. प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' या कमांडने एलपीटी१ त्याच्याकडे वळवल्यावर काम झाले. पण ही सूचना खोक्यावर असायलाच हवी होती. पॅरलल पोर्टचे स्कॅनर किंवा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पोर्टला लावायची परवाना-किल्ली) चालवण्यासाठी मात्र ही केबल घेऊ नये.