न्यूटनचे नियम दाखवणारा गाडी-रूळ संच: घ्यावा, पण पुस्तिका बाजूला ठेवून

१.२ मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा रूळ, ५०० ग्रॅमच्या दोन गाड्या, टोकाला कप्पी (तिच्यावरून गेलेल्या दोरीला वजन टांगलं की गाडी ओढली जाते), २० ग्रॅमची पाच वजनं, दोन फोटोगेट (गाडीवरच्या पट्टीने प्रकाशकिरण किती वेळ अडवला ते टिपणारे), एक टायमर आणि दोन ताणकाटे (स्प्रिंगचे काटे). शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी मिळणारे संच थोड्याफार फरकाने असेच असतात. गाडी बहुतेक वेळा चांगलीच निघते. प्रयोग बिघडतो तो दोरी, कप्पी आणि खोक्यातल्या पुस्तिकेमुळे, म्हणून संच पारखताना आधी तिकडे बघावं.

गाडीची तपासणी दोन मिनिटांत होते. ती उलटी धरून प्रत्येक चाकाला टिचकी मारा. चारही चाकं साधारण सारखाच वेळ फिरत राहिली पाहिजेत. एखादं लवकर थांबलं तर गाडी त्या बाजूला ओढली जाते आणि रुळाच्या कडेला घासते. अशा चाकात जाड तेल सोडायचा मोह होतो, पण त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात चाक आणखी जड फिरतं. कोरड्या ब्रशने साफ करणं बरं.

रुळाच्या पायांना स्क्रू हवेतच. ते नसतील तर संच घेऊ नये. पाणसळ लावून रूळ समतल केला तरी ढकललेली गाडी हळू होतच जाते. घर्षणांक (घर्षणबल आणि भार यांचं गुणोत्तर) ०.००५ धरला तर मंदन ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, म्हणजे ०.४१ मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेली गाडी ६० सेंटिमीटरवर ०.३३ वर येते. हे बघून मुलांना पहिला नियम (बल नसेल तर वेग बदलत नाही) खरा वाटणार नाही. उपाय सोपा आहे. कप्पीच्या विरुद्ध टोकाचा स्क्रू फिरवून ती बाजू सुमारे ६ मिलिमीटर उचला आणि दोरी न लावता गाडीला हलका धक्का द्या. दोन्ही फोटोगेटवर सारखा वेळ आला की घर्षणाची भरपाई झाली. गाडीवर वजन वाढवलं तरी हा उतार बदलावा लागत नाही, कारण घर्षण आणि उताराच्या दिशेने ओढणारं बल दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात.

आता दुसरा नियम (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण), ज्यासाठी हा संच मुख्यतः घेतला जातो. पुस्तिका सांगते: टांगलेल्या वजनाला ९.८ ने गुणा, तेच बल. त्याला गाडीच्या वस्तुमानाने भागा, तेच त्वरण. हे चूक आहे. टांगलेलं वजन स्वतःही खाली वेग घेत असतं, त्यामुळे दोरीतला ताण त्याच्या भारापेक्षा कमी असतो. त्वरण काढताना गाडी आणि टांगलेलं वजन मिळून जे वस्तुमान होतं, त्याने भागायचं. १०० ग्रॅम टांगले तर पुस्तिकेच्या हिशेबाने त्वरण १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवं, प्रत्यक्षात १.६३ येतं. २० ग्रॅमला हाच फरक ०.३९ आणि ०.३८ इतका किरकोळ असतो. म्हणून बल आणि त्वरणाचा आलेख सुरुवातीला सरळ जातो आणि पुढे खाली वाकतो. दोष मात्र घर्षणाला दिला जातो. घर्षणाची खूण वेगळी असते: रेघ सरळच राहते, पण आरंभबिंदूतून न जाता बलाच्या अक्षाला पुढे छेदते, वरच्या घर्षणांकाला साधारण ०.०३ न्यूटनवर. आलेख वाकला तर गणित तपासा, सरकला तर रुळाचा उतार.

वाकणं टाळायचं तर पाचही वजनं सुरुवातीला गाडीवर ठेवा आणि एकेक करून दोरीच्या आकड्यावर (हुकावर) न्या. हलणारं एकूण वस्तुमान ६०० ग्रॅमच राहतं (आकडा जड असेल तर तोही मोजा), फक्त ओढणारं बल बदलतं. त्वरण ०.३३, ०.६५, ०.९८, १.३१, १.६३ असं सरळ रेषेत चढतं. पुस्तिकेत ही एक ओळ असती तर निम्म्या तक्रारी मिटल्या असत्या.

दोरी रुळाला समांतर हवी. कप्पी २ सेंटिमीटर वर असेल तर ८० सेंटिमीटरवर कोन दीड अंशाच्याही आत असतो, पण गाडी कप्पीपासून १० सेंटिमीटरवर आली की ११ अंश होतो आणि पुढे ओढणारं बल जवळजवळ २ टक्के घटतं. उंची बदलता येणारी कप्पीच घ्या. दोरी न ताणणारी हवी. लवचीक दोरा घेतला तर गाडी आचके देत निघते.

टायमर फक्त एक मिलिसेकंदापर्यंत मोजत असेल तर तो कमी पडतो. गाडीवरची २.५ सेंटिमीटरची पट्टी सेकंदाला मीटरभर वेगाने फोटोगेट २५ मिलिसेकंदांत ओलांडते; त्यात एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे ४ टक्के. ०.१ मिलिसेकंद मोजणारा घ्या. पट्टीची रुंदीही मोजपट्टीने घेऊ नका. गाडी बोटाने अगदी हळू सरकवत फोटोगेटचा दिवा कुठे लागतो आणि कुठे विझतो ते रुळावरच्या मापावर वाचा. त्या दोन खुणांमधलं अंतर हीच खरी रुंदी.

या संचाची सर्वांत देखणी गोष्ट पुस्तिकेत दोष म्हणून दिली आहे: वजन जमिनीला टेकलं की पुढचं मापन टाकून द्या. दुसऱ्या नियमासाठी ते बरोबर आहे, दोन्ही फोटोगेट वजन टेकायच्या आधीच ओलांडले गेले पाहिजेत. पण नंतर हेच दोन फोटोगेट पुढे सरकवून ठेवा. वजन टेकतं, दोरी सैल पडते आणि आतापर्यंत वेग घेत आलेली गाडी त्याच वेगाने पुढे जात राहते. दोन्हीकडे सारखाच वेळ येतो. बल थांबलं, गती थांबली नाही. पहिला नियम याहून स्वच्छ दाखवणारं दुसरं काही या खोक्यात नाही. पुढे रुळाच्या टोकाला स्पंजचा अडसर मात्र लावा, नाहीतर गाडी कप्पीवर आदळते.

तिसऱ्या नियमासाठी (प्रत्येक बलाला तितकंच उलट बल) दिलेले ताणकाटे सुमार असतात. ताणकाट्याचा शून्य उभा धरून लावलेला असतो. आडवा केला की आकड्याचा भार स्प्रिंगवर येत नाही आणि काटा शून्याच्या खाली जातो. टेबलावर आडवे ठेवूनच दोघांचे शून्य जुळवा, मग आकड्यात आकडा अडकवून ओढा. एकाखाली एक टांगून वजन लावाल तर वरचा काटा खालच्याच्या भाराइतकं जास्त दाखवेल आणि वर्गात तिसरा नियम खोटा ठरेल. शून्य जुळवायचा स्क्रू नसलेले काटे परत करून वेगळे मागवा, बाकी संच ठेवा.