स्विंग फ्रेमचं आउटडोअर फायबर कॅबिनेट: खानदेशातला उन्हाळा, पावसाळा आणि जिनिंगचा हंगाम काढल्यावर

अमळनेर, पारोळा, धरणगाव या पट्ट्यात आमचं फायबर ब्रॉडबँडचं जाळं आहे. चौकात, ग्रामपंचायतीच्या भिंतीलगत, एसटी थांब्यामागे अशी रस्त्याकडेला आमची कॅबिनेटं उभी असतात. त्यांची देखभाल आमची टीम करते. मागच्या मार्चमध्ये काही जुन्या पेट्या काढून त्या जागी स्विंग फ्रेमची, म्हणजे आतली चौकट दारासारखी बाहेर वळणारी, नवी कॅबिनेटं बसवली. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचं आहे ते रचनेबद्दल, आणि अशी रचना आता बरेच जण ऑर्डरप्रमाणे बनवून देतात. किंमत जुन्या पेटीच्या साधारण दीडपट पडली. माझ्या मते पैसे वसूल आहेत, पण दोन-तीन गोष्टींनी चांगलाच मनस्ताप दिला. त्याही सांगतो.

आधी जुन्या पेटीचं दुखणं. पुढे एकच दार, आत १९ इंची रॅक, म्हणजे उपकरणं बसवायची चौकट, मागच्या पत्र्याला पक्का ठोकलेला. ओएलटी (ग्राहकांच्या फायबर लाइन जिथून निघतात ते मुख्य उपकरण), स्विच, पॅच पॅनल (फायबरची टोकं जोडायची पट्टी) यांची तोंडं पुढे, पण पॉवरच्या वायरी, अर्थिंग आणि निम्म्या केबली मागे. मागे दार नाही, आणि असतं तरी भिंत असते. त्यामुळे एक पॉवर केबल बदलायची तर ओएलटीचे स्क्रू काढून ती पुढे ओढायची, आणि ती ओढताना शेजारच्या पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या छोट्या फायबर केबली, ताणल्या जायच्या. एका ग्राहकाचं नेट चालू करायला जावं आणि दुसऱ्या गल्लीतून फोन यावा, हे नेहमीचं. दाराला षटकोनी बोल्ट. रात्री एका हातात टॉर्च धरून माणूस सगळे बोल्ट परत लावत नाही. दोन लावतो आणि निघतो. आमची ॲल्युमिनियमची महागडी आयपी५५ (धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग) पेटी अर्धं आयुष्य अशीच दोन बोल्टांवर उभी होती.

माझा सगळा अनुभव इथेच येऊन थांबतो: उघडायला त्रासाचं कॅबिनेट कुणी नीट बंद करत नाही. आयपी५५ मध्ये पहिला ५ धुळीचा, दुसरा पाण्याच्या फवाऱ्याचा, आणि ही चाचणी दार पूर्ण बंद ठेवून होते. कागदावरचं रेटिंग दार बंद असेपर्यंतचंच. दार बंद राहणार की नाही, हे लाइनमनच्या हाताला किती सोपं वाटतं त्यावर ठरतं. खरेदीच्या वेळी सगळे पत्र्याची जाडी विचारतात. बिजागरी, मूठ, आत हात कुठपर्यंत जातो, हे कुणी विचारत नाही.

नव्या कॅबिनेटमध्ये रॅक एका बाजूला बिजागरीवर आहे. दार उघडा, फ्रेमची खिटी ओढा, पोथीचं पान उलटावं तसा अख्खा रॅक बाहेर वळतो आणि मागची बाजू समोर येते. भिंतीलगतच्या साइटवर याला तोड नाही. एमसीबी, अर्थिंगची पट्टी, उणे ४८ व्होल्टच्या तारा सगळं उभ्याने दिसतं, काही उपसावं लागत नाही.

पण फ्रेम वळते तेव्हा केबलीही वळतात. बिजागरीच्या बाजूने गठ्ठा कसा नेला आहे यावर सगळा खेळ. सुरुवातीला एका साइटवर फ्रेम बंद केली की ठरावीक ग्राहकांच्या ओएनटीवर (घरातल्या फायबरच्या डब्यावर) सिग्नल गेल्याचा लाल एलओएस दिवा लागायचा, उघडली की हिरवा. बिजागरीच्या कोपऱ्यात फायबर दाबली जात होती. वाकलेल्या फायबरमधला लॉस (प्रकाशाची गळती) लांब तरंगलांबीला जास्त असतो, म्हणून १३१० वर ठीक दिसणारी लाइन १४९० नॅनोमीटरला कोसळते, आणि जीपॉन या आमच्या फायबर जाळ्याच्या पद्धतीत ग्राहकाकडे जाणारा प्रकाश १४९० चाच. मीटर फक्त १३१० ला लावून बसलात तर दिवसभर शोधत राहाल. उपाय सोपा निघाला. त्या भागातल्या पॅच कॉर्ड जी.६५७.ए२ जातीच्या घेतल्या, त्या साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचं वळण सोसतात, आणि बिजागरीजवळ सैल वेटोळं ठेवून ते वेल्क्रोने बांधलं. प्लास्टिकची झिप टाय तिथे अजिबात नको. ती आवळणारा दर वेळी जास्तच आवळतो.

दुसरी गोष्ट वजनाची. फ्रेमवर ओएलटी, स्विच, पॅनल ठीक. रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारं यंत्र) आणि बॅटरी चढवायच्या नाहीत. बिजागरी लोंबली की खिटी बसत नाही आणि मग खांद्याने रेटून बंद करणं सुरू होतं. आमच्या कॅबिनेटमध्ये बॅटरी खालच्या वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या दाराआड आहेत. हे वेगळे कप्पे मला स्विंग फ्रेमपेक्षाही जास्त आवडले. फायबरच्या कप्प्याची चावी रोज कनेक्शन देणाऱ्या पोरांकडे, पॉवरची चावी इलेक्ट्रिकलच्या माणसाकडे. नवीन लागलेला मुलगा स्प्लिटरमध्ये (एका फायबरचा प्रकाश अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या भागात) जोडणी करताना २३० व्होल्टच्या आसपासही जात नाही. त्याला तिथे जायचं कारणच उरत नाही.

आता ऊन. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे जळगाव-भुसावळकडच्यांना सांगायला नको. दुपारी दोनला जुन्या पेटीच्या धातूच्या मुठीला हात लावला की हात आपोआप मागे यायचा. पोरं रुमाल गुंडाळून उघडायची. नव्या दाराची मूठ काळ्या नायलॉनची आहे. गरम होते, पण पकडता येते. छोटी बाब वाटेल, पण दार नीट लावणं या मुठीपासूनच सुरू होतं. मूठ फिरवली की वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी एकदम लॉक बसतं, बोल्टांची भानगड नाही. वर दुहेरी छप्पर आहे, दोन पत्र्यांमधून हवा खेळते. ऊन वरच्या पत्र्यावर अडतं. आउटडोअर म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच उपकरणांवर ६५ अंशांपर्यंतची मर्यादा लिहिलेली असते, पण शिशाच्या बॅटरीला ते चालत नाही. २५ अंशांच्या वर साधारण दर दहा अंशांना तिचं आयुष्य अर्ध्यावर येतं. बॅटरीचा कप्पा खाली, सावलीच्या बाजूला का हवा, ते यावरून कळावं.

दार एकशेवीस अंशांच्या पुढे उघडतं आणि तिथे अडकतं, असं माहितीपत्रकात होतं. अडकवणारी पट्टी मात्र इतकी पातळ दिली होती की मे अखेरच्या वादळात एका साइटवर ती वाकली आणि दार लाइनमनच्या पाठीत बसलं. सुदैवाने फार लागलं नाही. बनवणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की वाऱ्यात काम करू नये. वादळात लाइन पडते म्हणूनच तर माणूस वादळात जातो, हे त्यांना कोण समजावणार. शेवटी आम्ही गावातल्या वेल्डरकडून जाड सळईचा स्टे करून घेतला, खालच्या बाजूला, आणि तो खाचेत आपोआप पडतो. घेणाऱ्याने हे आधी बघावं: दार उघडून जोरात हलवायचं. पट्टी हलली तर परत पाठवायचं.

पावसाळ्याने वेगळंच दाखवलं. गॅस्केट उत्तम आहे. दारावर एकसंध ओतलेलं फोमचं आहे, चिकटवलेल्या रबरपट्टीसारखं कोपऱ्यात सुटत नाही. आत थेंब आला नाही. पण काम करताना दार उघडंच असतं, आणि छप्पर पुढे जेमतेम दोन इंच. आमच्यातला एक पोरगा म्हणाला ते खरं: "दादा, पेटी तं चांगली शे, पन पानी उना तं छत्री कोन धरी?" छपराच्या कडेला दोन हूक लावून घेतले, आता ताडपत्रीचा तुकडा अडकवता येतो. कारखान्यातूनच ओढून काढायची झडप मिळाली तर जादा पैसे द्यायची माझी तयारी आहे.

काळ्या जमिनीचा त्रास बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवर घातलेला ओटा तिच्याबरोबर हलतो. ओटा किंचित कलला की चौकट तिरकी होते, आणि तीन ठिकाणी बसणारं लॉक दोनच ठिकाणी बसतं. दोन साइटवर ऑगस्टमध्ये हेच झालं. बिचाऱ्या कॅबिनेटचा त्यात काहीच दोष नाही. काळी माती काढून मुरुमापर्यंत जायचं आणि मगच काँक्रीट घालायचं. ओट्याची उंचीही विचाराने ठरवावी. पाणी तुंबतं म्हणून उंच केला की वरचं पॅनल बुटक्या माणसाच्या हाताबाहेर जातं, आणि तो मग पाण्याच्या कॅनवर उभा राहून स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची जोडणी, करतो. स्प्लाइस ट्रे छातीच्या उंचीला यायला हवा, बाकीचं त्याच्या खाली-वर. समोर उभं राहायला एवढासा का होईना पक्का कोबा घाला. चिखलात उभ्या माणसाकडून बारीक काम होत नाही.

केबली खालून येतात. त्यांच्यासाठी तळाशी दोन भागांत उघडणारे ग्लँड (केबलीभोवती घट्ट बसणारी बुचं) दिले आहेत. केबल आधीच जोडलेली असली तरी तिच्याभोवती ग्लँड बसवता येतो. जुन्या पेटीत नवी ड्रॉप केबल (ग्राहकाच्या घराकडे जाणारी) घालायची तर कनेक्टर आत शिरावा म्हणून मोठं भोक पाडायचं, आणि ते भोक तसंच राहायचं. त्यातून मुंग्या, पाली आणि एकदा उंदराने आत येऊन जे केलं, ते न सांगितलेलं बरं. नव्यांमध्ये अजून तरी मुंगीसुद्धा नाही.

फिल्टरवर जरा थांबतो. पंख्याचा फिल्टर दारात बसवलेला आहे आणि बाहेरून खाचेतून खाली ओढून निघतो, दार उघडावंही लागत नाही. कल्पना झकास. उन्हाळ्यात धुळीने भरतो, तो झटकून चालतो. पण कापूस घरात यायला लागला, जिनिंग सुरू झाल्या, की त्यांच्या आसपासच्या साइटवर फिल्टरवर पांढरी कापसाची लव चढते. ती झटकून जात नाही, बोटांनी सोलून काढावी लागते, आणि हंगामात आठवड्याच्या आत परत चढते. पंखा फिरत असतो, हवा मात्र आत जात नाही. तिथे दोन जास्तीचे फिल्टर साइटवरच ठेवा, आत कागदपत्रं ठेवायचा खिसा आहे, त्यात मावतात. बाहेरून निघणाऱ्या फिल्टरचा तोटाही सांगतो. शाळेजवळच्या साइटवरून तो गायब झाला. आता तिथे एक छोटा स्क्रू लावलाय.

पुढची ऑर्डर याच रचनेची द्यायची ठरली आहे. जाड स्टे, पुढे आलेलं छप्पर आणि दार उघडलं की आपोआप लागणारा दिवा, एवढं वाढवून मागितलं आहे. चावीचं अजून जमलेलं नाही. दिलेली त्रिकोणी चावी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, म्हणून आम्ही वरून कुलूप लावतो, आणि एका कुलपाची चावी कुणाच्या तरी खिशात शिरपूरला गेलेली असते. विक्रेता मोबाइलवरून उघडणारं इलेक्ट्रॉनिक लॉक घ्या म्हणतो. त्याला वीज कॅबिनेटच्याच बॅटरीतून. लांबलेल्या लोडशेडिंगनंतर बॅटरी बसलेली असते तेव्हाच आम्हाला दार उघडायचं असतं, मग त्यालाही बाहेरून एक साधी चावी लागणारच. तेव्हा सध्या एकाच चावीने उघडणारी कुलपं सगळीकडे लावतो आहोत, आणि कुणाकडे कोणती चावी आहे ते ऑफिसच्या वहीत लिहितो.