टेक्सासचे पात्र मतदार: कोणता आकडा धरावा?

2020 च्या जनगणनेत टेक्सासच्या लोकसंख्येत हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी नातं सांगणारे) 39.3 टक्के भरले आणि हिस्पॅनिक नसलेले गोरे 39.7 टक्के. जवळपास बरोबरी. पण त्याच सुमारास मत द्यायला पात्र असलेल्यांत हिस्पॅनिकांचा वाटा होता जेमतेम 30 टक्के. या समाजात अठराच्या आतली मुलं जास्त आणि प्रौढांतही नागरिकत्व न मिळालेले बरेच, म्हणून ही तफावत. (डॅलस-ह्यूस्टनमधली एच-१बी व्हिसावरची मराठी कुटुंबंही लोकसंख्येत मोजली जातात, मतदारांत नाहीत.) लोकसंख्येची टक्केवारी उचलून मतदारांना चिकटवणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि त्यावर बांधलेला अंदाज पार फसतो.

जनगणनेचे आकडे अगदी ब्लॉकपर्यंत (तिचा सर्वांत लहान भाग) मिळतात, 18 वर्षांवरचे वेगळेही मिळतात. मात्र तिच्यात नागरिकत्व विचारलेलं नाही. शिवाय गोपनीयतेसाठी ब्लॉकच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केलेला असतो. समान लोकसंख्येचे मतदारसंघ आखायला ती योग्य. पात्र मतदार मोजायला अपुरी.

त्यासाठी सेन्सस ब्युरोचा सीव्हीएपी तक्ता घ्या: 18 वर्षांवरचे नागरिक, वंशानुसार, ब्लॉक ग्रुपपर्यंत (शेजारच्या काही ब्लॉकांचा गट). हा ब्युरोच्याच अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या नमुना पाहणीच्या पाच वर्षांच्या आकड्यांवर बेततो, त्यामुळे प्रत्येक आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा, म्हणजे तो किती वर-खाली असू शकतो ते, छापलेली असते. तिथेच लोक अडखळतात. समजा एका ब्लॉक ग्रुपमध्ये 120 (±60) आणि शेजारच्यात 200 (±80) हिस्पॅनिक नागरिक आहेत. बेरीज 320, पण मर्यादा ±140 नव्हे. दोन्हींचे वर्ग करून मिळवा (3600 + 6400), वर्गमूळ काढा: ±100. म्हणजे 220 ते 420 मधलं काहीही. एवढ्या लहान भागावरून निष्कर्ष काढू नका. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या) पातळीवर जा. 2018–22 आणि 2019–23 ची तुलनाही नको, कारण त्यांतली चार वर्षं सामाईक आहेत. 2019–23 चे आकडे 2014–18 शी ताडून पाहा. आणि कृष्णवर्णीय मोजताना ‘कृष्णवर्णीय व गोरे’ अशी मिश्र वंशाची ओळ वेगळी असते, ती सुटते.

प्रत्यक्ष मतदान किती झालं हे हवं असेल तर करंट पॉप्युलेशन सर्व्हे या ब्युरोच्या दुसऱ्या नमुना पाहणीची दर दोन वर्षांनी येणारी नोव्हेंबरची पुरवणी आहे. ती राज्यापुरतीच वापरा; मत न दिलेलेही ‘दिलं’ सांगतात, त्यामुळे टक्का फुगतो.

मतदार यादीचा मोह इथे आवरावा. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायनात नोंदणी अर्जावर वंश विचारतात, टेक्सासमध्ये नाही. इथे स्पॅनिश आडनावं मोजतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका दोन्ही बाजूंनी चुकीच्या रकान्यात जातात. वर यादीत फक्त नोंदलेले असतात, नोंदणी न केलेले पात्र नागरिक नसतातच.

सीव्हीएपी वापरतानाही एक वजाबाकी राहते. टेक्सासमध्ये गंभीर गुन्ह्याची शिक्षा, पॅरोल (तुरुंगातून अटींवर लवकर सुटका) आणि प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) धरून, पूर्ण होईपर्यंत मताधिकार नसतो. हे लोक तक्त्यात नागरिक म्हणून मोजलेलेच राहतात.