चर्चच्या व्हिडिओसाठी कॅमेरा की मोबाइल?

कमिटीनं पैसे मंजूर केले की तरुण संघात वाद ठरलेला: नवा कॅमेरा घ्यायचा की आहे तो मोबाइल चालवायचा? उपासनेचा व्हिडिओ बघणार कोण, तर घरी अंथरुणाला खिळलेली आजी नाहीतर नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुलं, आणि तेही मोबाइलवरच. म्हणून माझं मत मोबाइलला. फक्त वाचलेले पैसे आवाजावर घाला.

कॅमेऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. चर्च लांबलचक असेल आणि स्टँडला जागा शेवटच्या बाकामागेच असेल, तर लेन्सचा झूम हवाच. साधा मोबाइल तेवढ्या अंतरावरून चित्र नुसतं ताणतो, पाळकसाहेबांचा चेहरा पुसट होतो. नाताळच्या मेणबत्तीच्या उजेडातही कॅमेराच सरस. मात्र जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. त्यातले बरेचसे 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप थांबतात, तेव्हा उपदेश नुकता रंगात आलेला असतो.

मोबाइल पुढच्या बाकांजवळ स्टँडवर लावा, विमान मोडवर टाका, चार्जर जोडा, फोकस आणि उजेड लॉक करा. दिव्यांमुळे चित्र लुकलुकत असेल तर शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, 1/50 सेकंदावर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, दिवे तिच्याच तालात लुकलुकतात.

खरी निवड आवाजाची. मोबाइलचा स्वतःचा माइक लांबून पंखे, खोकला आणि भिंतींवरून परतणारा आवाज सगळं एकत्र उचलतो, तो बादच समजा. कॉलर माइक उपदेशाला उत्तम, गाण्याला निरुपयोगी. मिक्सरमधून, म्हणजे चर्चचे सगळे माइक जिथे जोडलेले असतात त्या यंत्रातून, थेट घेतलेला आवाज सर्वांत स्वच्छ, पण त्याचीही एक गंमत आहे. पेटी-तबल्यावर भजन सुरू होतं, सगळी मंडळी उभी राहून गाते आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो एकटा पुढचा गायक, कारण मंडळीपुढे माइक असतोच कुठे? व्हिडिओ बघणाऱ्या आजीला तर तोच सगळ्यांचा सूर हवा असतो. म्हणून मिक्सरच्या जोडीला एक छोटा रेकॉर्डर मधल्या बाकांपाशी ठेवा आणि एडिटिंगमध्ये त्याचा आवाज खाली हलकासा मिसळा; भजनापुरता वाढवा. मिक्सरची वायर मात्र थेट मोबाइलच्या माइकच्या जागी खुपसू नका, आवाज फाटतो. मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मिक्सरचा आवाज मोबाइलला झेपेल असा करून देणारी छोटी डबी, लागतो, किंवा मिक्सरलाही वेगळा रेकॉर्डर जोडा.

सगळी रेकॉर्डिंग जुळवायची कशी? सगळं सुरू केल्यावर, उपासनेच्या आधी, मोबाइलसमोर, मिक्सरला जोडलेल्या एखाद्या चालू माइकजवळ, एक जोरदार टाळी वाजवा. एडिटिंगच्या पट्टीवर तिचा टोकदार उंचवटा सगळीकडे दिसतो, तो एकाखाली एक आणायचा.