संगीत आणि समाज: चोवीस व्याख्यानांच्या एका श्राव्य अभ्यासक्रमाचे परीक्षण

संगीताच्या इतिहासाचे बहुतेक अभ्यासक्रम रचनाकारांच्या नावांवर उभे असतात. कोणी कोणत्या साली काय रचले आणि कोणती शैली कोणत्या शैलीतून निघाली, एवढे सांगून झाले की विषय आटोपतो. ज्या श्राव्य अभ्यासक्रमाविषयी मी येथे लिहीत आहे, त्यातील व्याख्यात्या बाईंनी पहिल्याच व्याख्यानात वेगळा प्रश्न मांडला आहे: एखाद्या समाजात गात कोण होते, कोणाबरोबर गात होते आणि त्या गाण्याने त्यांचे नेमके कोणते काम होत होते? सुमारे अर्ध्या तासाची चोवीस व्याख्याने, प्रत्येकासोबत काही ध्वनिनमुने आणि वाचण्यासाठी चार-पाच पानांचे टिपण, असे या अभ्यासक्रमाचे स्वरूप आहे. चार महिन्यांत मी तो पूर्ण ऐकला आणि त्यातील सात-आठ व्याख्याने पुन्हा ऐकली. जिथे हा प्रश्न हातातून सुटत नाही तिथे अभ्यासक्रम अतिशय उंचीवर जातो, आणि जिथे तो सुटतो तिथे इतरांसारखाच होऊन बसतो, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात अर्थातच हाडांच्या बासऱ्यांपासून होते. जर्मनीतील होले फेल्स गुहेत २००८ साली सापडलेली गिधाडाच्या हाडाची, पाच भोकांची बासरी सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानली जाते, हे अनेकांनी वाचलेले असते. पण व्याख्यात्या त्या आकड्यावर रेंगाळत नाहीत. त्या जवळच्याच गाइसेनक्लोस्टर्ले गुहेतील मॅमथच्या सुळ्यापासून केलेल्या बासरीकडे वळतात. पक्ष्याचे हाड मुळातच पोकळ असते, सुळा मात्र भरीव असतो. तो उभा चिरायचा, दोन्ही अर्धे आतून कोरायचे आणि हवा निसटणार नाही अशा रीतीने पुन्हा जोडायचे, असा तो कष्टाचा मार्ग आहे. सोपे साधन हाताशी असताना हिमयुगातील माणसांनी हा खटाटोप का केला असेल, आणि तो करणाऱ्याच्या वाट्याची शिकार तेवढे दिवस कोणी केली असेल, या दोन प्रश्नांनी एका वस्तूमागचा अख्खा समाज उभा राहतो. चीनमधील जियाहू येथे क्रौंच पक्ष्याच्या हाडांच्या ज्या बासऱ्या सापडल्या, त्या सात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या असून माणसांबरोबर पुरलेल्या होत्या. त्यांपैकी एक अजूनही वाजते. तिचा आवाज या व्याख्यानाच्या शेवटी ऐकवला आहे आणि त्यावर एक शब्दही भाष्य केलेले नाही, हा संयम मला फार आवडला.

पुढचे व्याख्यान अंगाईवर आहे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या एका बॅबिलोनी मातीच्या पाटीवर रडणाऱ्या बाळाला शांत करण्याचे शब्द कोरलेले आहेत. बाळाच्या रडण्याने घरातील देवाची झोप मोडली आहे, असा त्यांचा आशय आहे. शब्द टिकले आणि चाल नाहीशी झाली. व्याख्यात्यांचे म्हणणे असे, की मानवी संगीतातील सर्वांत मोठा हिस्सा अशाच रीतीने नाहीसा झालेला आहे, कारण तो गाणाऱ्या बायकांना तो लिहून ठेवण्याची गरज नव्हती आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना तो लिहिण्याजोगा वाटत नव्हता. या एका विधानामुळे पुढील सगळी व्याख्याने मी निराळ्या कानांनी ऐकली.

याच भागात माझी पहिली तक्रार आहे. सीरियातील उगारित येथे सापडलेले इ. स. पू. १४०० च्या सुमाराचे, हुर्रियन या प्राचीन भाषेतील स्तोत्र जगातील सर्वांत जुन्या स्वरलिपींपैकी एक आहे. मात्र त्या पाटीवरील खुणांचा अर्थ कसा लावायचा यावर अभ्यासकांचे एकमत नाही आणि त्यातून एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या चाली निघालेल्या आहेत. अभ्यासक्रमात त्यांपैकी एकच चाल ऐकवली आहे आणि तीही जणू तीच खरी, अशा थाटात. दोन चाली शेजारी-शेजारी ऐकवल्या असत्या, तर श्रोत्याला प्राचीन संगीताच्या अभ्यासातील खरी अडचण अर्ध्या मिनिटात कळली असती. त्यामानाने ग्रीक कबरीच्या दगडावरील सैकिलोसच्या गीताची मांडणी चोख आहे. शब्द आणि त्यांवरील स्वरांच्या खुणा दोन्ही पूर्ण असलेली ही सर्वांत जुनी रचना सध्या कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आयुष्य थोडे आहे, तोवर दुःख करू नकोस, असे सांगणारे गाणे मृताच्या दगडावर कोरून वाटसरूच्या तोंडी का द्यावेसे वाटले असेल, याचा विचार व्याख्यात्या खूप हळुवारपणे करतात.

सत्ता आणि संगीत यांवरची तीन व्याख्याने एकत्र ऐकावीत. आदर्श नगरराज्यात कोणते स्वरसमूह चालू द्यावेत आणि कोणते बंद करावेत, याची यादी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो करतो. त्याला विलापाचे स्वर नको आहेत आणि मद्यपानाच्या बैठकीतील शिथिल स्वरही नको आहेत. दुसरीकडे चीनमधील हान सम्राटांचे संगीत कार्यालय लोकांमधील गाणी गोळा करत होते. एक विचारवंत गाण्याला पहारा बसवू पाहतो, तर एक साम्राज्य गाण्यातून प्रजेचे मन वाचू पाहते. दोघांनाही गाण्याची ताकद सारखीच मान्य आहे, हा धागा येथे उत्तम विणला आहे.

त्यानंतर येते नववे व्याख्यान, जे या संपूर्ण अभ्यासक्रमाचे सार्थक आहे. उत्तर अमेरिकेतील साउथ कॅरोलायना या ब्रिटिश वसाहतीत १७३९ साली गुलामांनी उठाव केला आणि ते ढोल वाजवत रस्त्याने निघाले. वाटेत आणखी माणसे त्यांना येऊन मिळाली. उठाव चिरडल्यानंतर १७४० साली जो कायदा झाला, त्यात गुलामांनी ढोल आणि शिंगे बाळगण्यास बंदी घालण्यात आली. वाद्य हे शस्त्राइतकेच धोकादायक आहे, हे इतक्या स्पष्टपणे कायद्याच्या भाषेत क्वचितच लिहिले गेले असेल. ढोल गेले तेव्हा माणसांनी शरीरालाच वाद्य केले: टाळ्या, मांड्यांवरची थाप, लाकडी जमिनीवरचा पायांचा ठेका. तेथून व्याख्यात्या कष्टाच्या गाण्यांकडे येतात आणि ती गाणी चालतात कशी, हे उलगडून दाखवतात. शिडाच्या जहाजावर दोर ओढताना एक जण ओळ म्हणतो, तेवढ्यात बाकीचे श्वास घेतात, आणि उत्तराच्या ओळीत ज्या अक्षरावर जोर येतो त्याच क्षणी सगळ्यांचे हात एकदम ओढतात; त्यामुळे दहा माणसांचे बळ दहा वेळा न लागता एकाच वेळी लागते. वाफेची जहाजे आल्यावर हे काम यंत्राकडे गेले आणि ही गाणीही कामावरून सुटली. मिसिसिपी राज्यातील पार्चमन तुरुंगाच्या शेतावर १९४७-४८ साली ध्वनिमुद्रित झालेल्या कैद्यांच्या गाण्यांत मात्र आणखी एक गोष्ट घडत होती. सर्वांच्या कुऱ्हाडी एकाच ठेक्यावर पडल्या, तर कोण मागे पडला हे पहारेकऱ्याला दिसत नाही, आणि म्हणून तो ठेका थकलेल्या माणसाला मारापासून वाचवतो. हे ऐकून मी व्याख्यान थांबवले आणि बराच वेळ पुढे गेलो नाही.

धर्माच्या भागात माहिती भरपूर असली तरी ती झटपट उरकली आहे. अकराव्या शतकातील इटालियन भिक्षू ग्विदो द'अरेत्सो याने रेघांवरची स्वरलिपी सुधारली आणि गायकांना जे शिकायला दहा वर्षे पुरत नसत ते आपल्या पद्धतीने एक-दोन वर्षांत येते, असा दावा केला. १५०१ साली व्हेनिसमध्ये पेत्रुची या मुद्रकाने खिळ्यांच्या छपाईने बहुस्वरी (एकाच वेळी अनेक वेगळ्या चाली गायचे) संगीत छापले. १५२४ मध्ये जर्मन धर्मसुधारक लूथर याच्या अनुयायांची पहिली गीतपुस्तके निघाली आणि चर्चमध्ये प्रशिक्षित गायकांचे ऐकत उभी राहणारी मंडळी स्वतःच्या भाषेत स्वतः गाऊ लागली. या तिन्ही घटनांचा संबंध कोण गातो या मूळ प्रश्नाशी थेट आहे आणि व्याख्यात्यांनी तो सांगितलाही आहे, परंतु एका व्याख्यानात तीन व्याख्यानांचा ऐवज कोंबल्यासारखा वाटतो.

तेरा ते सतरा या व्याख्यानांनी माझी खरी निराशा केली. दरबार, ऑपेरा आणि सभागृहे यांच्या काळात शिरताच अभ्यासक्रम चरित्रांच्या वाटेला लागतो. अपवाद एकच, ऑस्ट्रियन रचनाकार हायडनचा १७६१ सालचा करार. एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या नोकरीत त्याने गणवेश घालावा, रोज मालकाच्या आज्ञेची वाट पाहावी आणि मालकासाठी लिहिलेल्या रचनांच्या नकला बाहेर कोणाला देऊ नयेत, अशा अटी त्यात होत्या. अशी आणखी कागदपत्रे हवी होती. व्हेनिसमध्ये १६३७ साली पैसे भरणाऱ्या कोणालाही प्रवेश देणारे ऑपेरागृह उघडले आणि लंडनमध्ये १६७२ साली जॉन बॅनिस्टर याने तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या, हे येते. परंतु अठराव्या शतकात प्रयोग चालू असताना गप्पा मारणारा, खाणारा-पिणारा प्रेक्षक एकोणिसाव्या शतकात हळूहळू निमूटपणे बसायला कसा शिकला, यावर जेमतेम तीन मिनिटे दिली आहेत. माझ्या मते संगीताच्या सामाजिक इतिहासातील हे सर्वांत मोठे स्थित्यंतर आहे. गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे, ही विभागणी याच काळात पक्की झाली आणि त्यावर पूर्ण व्याख्यान न देणे ही गंभीर उणीव आहे.

विसाव्या शतकात अभ्यासक्रम पुन्हा सावरतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचा वेढा पडलेल्या लेनिनग्राड या सोव्हिएत शहरात ९ ऑगस्ट १९४२ रोजी रचनाकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदाची रचना) वाजली; उपासमारीमुळे पहिल्या तालमीला पंधराच्या आसपासच वादक येऊ शकले होते, उरलेले सैन्यातून आणावे लागले, आणि तो कार्यक्रम ध्वनिक्षेपकांवरून शहरभर आणि शत्रूच्या खंदकांपर्यंत पोहोचवला गेला. एस्टोनियाचे व्याख्यान तर अप्रतिम आहे. १८६९ पासून चालत आलेल्या गायन महोत्सवांनी त्या लहानशा देशाला हजारोंनी एकत्र उभे राहून गाण्याची सवय लावली होती. देश सोव्हिएत सत्तेखाली असताना, १९८८ च्या उन्हाळ्यात, राजधानी टालिनच्या महोत्सव मैदानावर रात्री-रात्री लोक जमून गाऊ लागले, तेव्हा त्यांना ही रीत नव्याने शिकावी लागली नाही. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. गाण्यानेच स्वातंत्र्य मिळाले असा भाबडा दावा व्याख्यात्या करत नाहीत, ही त्यांची सचोटी आहे.

तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात सांगतो. आवाज स्वच्छ आहे, बोलण्याचा वेग संथ आहे आणि टिपणे नेटकी आहेत. मात्र ध्वनिनमुने बहुधा वीस-पंचवीस सेकंदांतच तोडले आहेत, आणि त्यांत गाणाऱ्यांची नावे टिपणांत कुठेही दिलेली नाहीत. ज्या अभ्यासक्रमाचा पहिला प्रश्न 'गात कोण होते' हा आहे, त्यात ही चूक मला फार लागली. ॲपमध्ये मध्येच थांबवलेले व्याख्यान अनेकदा पुन्हा सुरुवातीपासून लागते. मी कळवल्यावर उत्तर सौजन्याने आले, पण दोष अजून तसाच आहे.

शेवटची तीन व्याख्याने ध्वनिमुद्रणावर आहेत. एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावणारी आणि म्हणून गाण्याची लांबीच ठरवून टाकणारी तबकडी, १९७९ सालचा वॉकमन (खिशात मावणारा, कानाला लावून ऐकायचा कॅसेटवादक), असा हा प्रवास आहे. यंत्रांची यादी थोडी लांबली असली तरी तेविसाव्या व्याख्यानासाठी ती माफ करावी. अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांनी १९०६ सालीच, आता आया आपल्या बाळांना गाऊन निजवतील की हे कामही यंत्र करील, अशी चिंता लिहून ठेवली होती, हे तेथे समजते. व्याख्यात्या या ठिकाणी दुसऱ्या व्याख्यानातील बॅबिलोनी अंगाई पुन्हा वाचून दाखवतात, चालीवाचून, नुसतेच शब्द. माझ्या मुलीला मी पहिली दोन वर्षे फोनवरच्या अंगाईनेच निजवले होते. ती आता सहा वर्षांची आहे. त्या रात्री मी तिच्याजवळ बसून गायलो, सूर लागत नसतानाही, आणि तिने दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मागितले.

संगीत शिकणाऱ्यांपेक्षा इतिहास, समाजशास्त्र किंवा शिक्षण या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना आणि ज्यांना स्वतःला गाता येत नाही असे वाटते त्यांना हा अभ्यासक्रम मी आग्रहाने सुचवीन. सदस्यता घेण्यापूर्वी एक व्याख्यान विनामूल्य ऐकता येते आणि ते कोणते, हे आपणच निवडायचे असते. नववे निवडावे.