नऊ महिने वापरलेला पॉवर बॉक्स : हा टॉपच्या आधी घ्यायला पाहिजे होता

सेलूत माझा छोटा साऊंडचा धंदा. पॉवर बॉक्स म्हणजे मंडपातली लाईन घेऊन स्पीकर-मिक्सरला वाटणारा, गडबड झाली की तोडणारा डबा. दोन पंधरा इंची टॉप (वरचे स्पीकर), दोन अठरा इंची बेस, सगळे ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायरचं मशीन आतच. मागच्या उन्हाळ्यात मंठ्याकडच्या एका लग्नात मंडपातले अर्धे बल्ब एकदम पांढरेफटक झाले, अर्धे विझत आले, आणि मला टॉपच्या मागून जळका वास आला. दोन्ही गेले. मंडपवाल्याच्या बोर्डात न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, स्क्रू ढिला होता, बस एवढंच. तीन फेजच्या लाईनीत न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिच्यावर व्होल्टेज चढतं. 230 चं साडेतीनशेच्या पुढंही जातं. स्पीकरच्या मागं 100 ते 240 लिहिलेलं असतं, त्याच्या वर नाही.

दुरुस्तीचं बिल भरल्यावर गणपतीच्या आधी एका पॅनल करणाऱ्याकडून बॉक्स बनवून घेतला. सव्वीस हजार. घरी बायको म्हणाली, एवढ्यात अजून एक बेस आला असता. खरंय, पण आता ती तसं बोलत नाही.

आत येणारी लाईन लाल पाच पिनी 32 ॲम्पियरच्या सॉकेटवर, मग चार पोलचा आयसोलेटर (चारही तारा तोडणारा मुख्य स्विच), मग कमी-जास्त व्होल्टेज झालं की लाईन तोडणारा रिले, आणि पुढं सहा आउटपुट. प्रत्येक आउटपुटला स्वतःचा 16 ॲम्पियर, 30 मिलीॲम्पियरचा आरसीबीओ, म्हणजे लोड जास्त झाला किंवा करंट बाहेर गळला की पडणारा स्विच. कर्व्ह सी घ्या. बेस चालू करताना क्षणभर जोराचा करंट ओढतो, त्याला बी कर्व्हवाला उगाच पडतो. सगळ्यांना मिळून एकच आरसीसीबी (फक्त गळती पकडणारा स्विच) लावायचा हट्टही धरू नका. ॲक्टिव्ह स्पीकरच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगला जातोच. सात-आठ स्पीकर-लाईटचा तो एका जागी साठला की सगळं बंद, आणि नवरी मंडपात.

पहिल्याच दिवशी बॉक्स वैताग आणणारा निघाला. बेस लावला की ट्रिप, टॉप लावला की ट्रिप. उघडून बघितलं तर आउटपुटचे न्यूट्रल एकाच पट्टीवर जोडलेले. आरसीबीओ फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळवून बघतो; त्याचा न्यूट्रल दुसऱ्यात मिसळला की हिशेब चुकणारच. बनवणाऱ्यानं फुकट दुरुस्त करून दिला, पण दोन फेऱ्या मलाच माराव्या लागल्या.

रिलेनं पैसे नवरात्रात वसूल केले. जनरेटरवर चाललो होतो, लाईटवाल्यानं मोठा लोड एकदम काढला आणि बॉक्सचं मीटर 268 व्होल्टवर. बॉक्सनं लाईन तोडली, चौक अंधारात, दहा जण माझ्या अंगावर. अर्ध्या मिनिटानं आपोआप परत आला. शिव्या मात्र मलाच.

आता कबुली. हम (स्पीकरमधली घूं-घूं) आला की प्लगची अर्थिंगची पिन मोडायची, हे मी कित्येक वर्षं केलंय. हिवाळ्यात एका सप्ताहात कीर्तनकार महाराजांच्या ओठाला माईक लागला की झिणझिण्या येत होत्या. मला आधी वाटलं थंडीमुळं. मिक्सरचा प्लग बघितला तर पिन मोडलेली, मोडणारा मीच. फिल्टरमुळं मिक्सरचा पत्रा निम्म्या व्होल्टेजपर्यंत जातो, केबलच्या जाळीतून ते माईकच्या धातूपर्यंत पोचतं. तेवढ्यानं माणूस मरत नाही, पण आत खरोखर फेज पत्र्याला लागली असती तर? महाराज हसून म्हणाले, "विठ्ठल अंगात आला म्हणायचं." मला काही हसू आलं नाही. त्यानंतर सगळे प्लग बदलले. मिक्सर आणि स्पीकर एकाच बॉक्सवर लावले, की हम निम्म्याहून जास्त तिथंच जातो. उरला तर सिग्नलच्या लाईनीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, तो तारांचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढं देतो. आणि प्लगमध्ये अर्थ-न्यूट्रल एकत्र पिळणारे महाभाग आपल्याकडं आहेत. न्यूट्रल सुटला की त्यांचा अख्खा स्पीकर फेजवर.

आरसीबीओची खरी किंमत कळते ती एप्रिलात. आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा रॉड तिच्यात सैल होतो. रॉडचा रोध 100 ओहम झाला, तर फेज पत्र्याला लागूनही सव्वादोन ॲम्पियरच वाहतो. साधा एमसीबी (फक्त जास्त करंटला पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही, पत्रा तसाच जिवंत. 30 मिलीॲम्पियरचा मात्र पडतो. रॉडला मी मीठ-पाणी घालतोच, पण भरवसा आरसीबीओवर.

केबलही बदलली. दीड एमएमच्या 50 मीटरला 10 ॲम्पियरवर साधारण 13 व्होल्ट गळायचे, चार एमएमला पाचच. केबल गुंडाळून ठेवू नका, पूर्ण सोडा. एकदा रीळ हातात घेतलं तर पोळीच्या तव्यासारखं गरम. एका स्पीकरमधून दुसऱ्याला लाईन पुढं नेताना मी दोनच जोडतो. निळा-पांढरा पॉवरकॉन (स्पीकरला लाईन देणारा, फिरवून बसणारा प्लग) चालू लाईनीवर काढू नका, आधी आउटपुट बंद करा; ठिणगीनं त्याचे काटे खातात. त्याचा ट्रू-वन प्रकार चालू लाईनीवर काढला तरी चालतो.

नवीन गावात लाईन घेताना वायरमन परवान्याचा हवा, आकडा टाकून दिलेली लाईन मी घेत नाही. आधी मीटरनं तिन्ही फेज न्यूट्रलशी, मग न्यूट्रल अर्थिंगशी. शेवटचं दोन-चार व्होल्ट ठीक, चाळीस आलं तर गाडीतून सामान उतरवतच नाही.

तक्रारी आहेत. वजन सतरा किलो, हँडल एकच, चाकं नाहीत. मीटरचे आकडे दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सप्ताहाला सिंगल फेजच असतो, तिथं एवढा डबा ओढत नेणं जिवावर येतं. त्यासाठी निळ्या तीन पिनी सॉकेटचा, चार आउटपुटचा धाकटा बॉक्स सांगितलाय. या वेळी न्यूट्रल कसे वेगळे ठेवायचे, ते कागदावर काढून दिलंय.