पाच एचपीचा सोलर पंप, तीन एकर केळी: दहा महिन्यांचा अनुभव

दिवाळीनंतर पंप सुरू झाला, आता श्रावण चाललाय. यावल तालुक्यात आमची चार एकर जमीन, त्यातल्या तीन एकरांत केळी. बोअर पाडून ठेवला होता, वीजजोडणीचे पैसेही भरले होते, पण खांब काही आला नाही. तोवर शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी घ्यायचो, तेही बहुतेक रात्रपाळीत. बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी आणि काठी. शेवटी सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाच्या किमतीचा दहा टक्के हिस्सा भरला. अडीच ते पाच एकराला ५ एचपी, असा नियम.

रात्रीची पायपीट संपली, एवढ्यावरच मी खूश आहे. पण विजेच्या पंपासारखं बटण दाबलं की पाणी, असं समजून घेऊ नका. सकाळी आठला पाइपातून पाणी नुसतं रडतं, अकरा ते दोन जोरात, चारनंतर पुन्हा मरगळ. पहिला महिनाभर ठिबकच्या टोकाची झाडं सुकत होती, कारण सकाळच्या दाबात शेवटच्या ड्रीपरपर्यंत पाणी पोचतच नव्हतं. मग दोन व्हॉल्व्हचे चार केले, म्हणजे शेताचे चार तुकडे झाले आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं सोडता येतं. सकाळ-संध्याकाळ एकेक लहान तुकडा, दुपारी दोन एकदम. फिल्टर तुंबला की आधीच कमी असलेला दाब आणखी पडतो, म्हणून तो रोज धुतो.

माझा भाचा मेहसाण्याला तेलाच्या विहिरींवर आहे. तो म्हणतो, "मामा, विहिरीतून तेल उपसणारा आमचा पंप रात्रंदिवस मान वर-खाली डोलावतो. तो सोलरवर टाकायचा तर रात्रीची सोय वेगळी करावी लागते. तुमचं बरंय, तुम्ही पाणी साठवलं की झालं." खरंय, पण त्यासाठी शेततळं हवं, आणि ते माझ्याकडे अजून नाही.

सगळ्यात फसगत झाली ती मे महिन्यात. आम्हाला वाटायचं, ऊन जास्त म्हणजे पाणी जास्त. उलट, पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद घटते. आमच्याकडे पारा ४५ वर, काच तर पासष्टच्याही वर जाते, म्हणजे ऐन दुपारी सातवा हिस्सा गेलाच. त्याच दिवसांत झाडाला रोजचं वीस लिटर लागतं. पाच हजार झाडं, म्हणजे लाखभर लिटर. आठ-दहा दिवस पुन्हा शेजाऱ्याकडे गेलोच.

पॅनल मी पहाटे ओल्या फडक्याने पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा जातो. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग बसतात.

जुलैत कंट्रोलर, म्हणजे पॅनलच्या विजेवर पंप चालवणारी पेटी, बंद पडला. पाच वर्षांची दुरुस्ती कागदावर आहे, पण ज्यांनी पंप बसवला त्यांचा माणूस यायला अकरा दिवस लागले. रोज "उद्या येतो". पाऊस होता म्हणून केळी वाचली.

अर्ज करणाऱ्यांना एकच सांगतो. पंप मंजूर करण्याआधी बोअर बघायला येणारा सर्व्हेवाला कधीही येवो, तुम्ही मे महिन्यात बोअरमध्ये दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजून ठेवा आणि तोच आकडा लिहायला लावा. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये मोजलं, पाणी वर होतं, आणि पंप त्याच खोलीच्या हिशोबाने आला; उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तो कमी पडतो.